अप्पांची तीन मापं

माझ्यात बरोबर अर्धा लिटर मावतं. थेंबभर जास्त नाही, थेंबभर कमी नाही. मी दुधाचं माप. सणसरला एका गोठ्यात, दाराशेजारच्या खिळ्याला कालपर्यंत लटकत होतो. दूध मोजायचं काम माझ्याकडून सुटून बरीच वर्षं झाली. गोठ्यात गाईंच्या पेंडीत घालायची भुकटी माझ्यातून मोजायचे.

काम हलकं होतं. तक्रार नव्हती. पण दोन उन्हाळ्यांपूर्वी माझ्यातून पाणी मोजलं जात होतं, आणि त्या पाण्याबद्दल मला बोलायचं आहे.

माझा जन्म बारामतीतला. भांड्यांच्या एका लहानशा कारखान्यात जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, पत्र्याची गोल चकती फिरत्या साच्यावर दाबली आणि माझं पोट तयार झालं. वर हातभर लांबीचा दांडा जोडला, त्याचं टोक वाकवून आकडा केला. मग वजनमापाचे साहेब आले. त्यांनी माझ्यात पाणी भरून पाहिलं, मान हलवली आणि काठाखाली शिक्का ठोकला. ठोका लागला तेव्हा कळ आली. पण त्या शिक्क्यामुळं माझ्या शब्दाला चार माणसांत किंमत आली.

मला विकत घेतलं अप्पांनी. अप्पा तेव्हा ऐन तिशीत होते. गावच्या दूध डेअरीत माप घालायचं काम त्यांना नुकतंच मिळालं होतं. पहाटे बायामाणसं किटल्या घेऊन रांगेत उभी राहायची. अप्पा मला किटलीत बुडवायचे, वर उचलायचे आणि थांबायचे. दुधावरचा फेस खाली बसेपर्यंत ते मला ओतत नसत.

"अप्पा, लवकर वता की. भाकरी थापायच्या राहिल्यात," कुणीतरी ओरडायचं.

"फेसाला दूध म्हणायचं असंल तर लवकर वततो," अप्पा म्हणायचे. "मग चहात बी फेसच घालून प्या."

रांग हसायची. पण अप्पांचं माप म्हटलं की कुणी दुसऱ्यांदा मोजून बघत नसे. तीस वर्षं त्यांनी मला धरलं. माझ्या दांड्यावर त्यांच्या अंगठ्याची जागा झिजून गुळगुळीत झाली आहे. मला वाटायचं, आम्हा दोघांचं मिळून एकच नाव आहे.

मग डेअरीत विजेचा काटा आला. दूध कॅनमध्ये ओतलं की आकडे आपोआप उमटायचे. अप्पा घरी बसले आणि मला सोबत घेऊन आले. सरुबाईंनी, म्हणजे अप्पांच्या बायकोनं, मला स्वयंपाकघरात फळीच्या कडेला अडकवलं. तिथं मी दहा-बारा वर्षं नुसता लटकत होतो. पाल फिरायची, धूर बसायचा. घराच्या मागं गोठा वाढत गेला. अप्पांचा मुलगा अजित आणि सून संजीवनी यांनी दोन गाईंच्या सात गाई केल्या. मोठ्या अंगाच्या, काळ्यापांढऱ्या, भरपूर दूध देणाऱ्या. त्यांचं दूध यंत्रानं काढलं जायचं. मला कुणी विचारत नव्हतं.

त्या वर्षी संक्रांतीच्या आसपास अप्पांना दम लागायला लागला. आडवं झालं की छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं. रात्र रात्र ते भिंतीला टेकून बसायचे. पायावर सूज अशी की बोट दाबलं की खड्डा पडायचा. बारामतीच्या दवाखान्यात आठ दिवस ठेवलं. परत आले तेव्हा हातात फाईल होती आणि गोळ्यांची पिशवी.

त्या संध्याकाळी ओट्यावर सगळे बसले होते. संजीवनी फाईल उघडून सांगत होती.

"अप्पांचं काळीज अशक्त झालंय. अंगात पाणी साठतंय. म्हणून लघवीची गोळी दिलीय, पाणी बाहेर काढायला. आन् दिवसाला दीड लिटरच्या वर पाणी द्यायचं न्हाय. चहा, ताक, आमटीचं पाणी, समदं धरून दीड लिटर. मार्चच्या शेवटाला परत दाखवायला बोलावलंय."

"दीड लिटर म्हंजी किती तांबे गं?" सरुबाईंनी विचारलं.

"तेच मी बी इचार करतीया, आत्या. आपल्यातला एक तांब्या मोठा, एक बारका."

अप्पा भिंतीला टेकून बसले होते. आठ दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"तांब्याचं काय घिऊन बसलाय? घरात माप हाय की. तीन मापं. झालं दीड लिटर."

मला खाली काढलं. संजीवनीनं राख आणि चिंचेनं घासलं. काळा थर निघाला, शिक्का पुन्हा वाचता येऊ लागला. खरं सांगतो, इतका आनंद मला कारखान्यातून बाहेर पडतानाही झाला नव्हता. अप्पांचा जीव राखायचं काम मला मिळालं होतं.

रोज सकाळी संजीवनी तीन मापं मोजून एका झाकणाच्या कळशीत ओतायची. ती कळशी अप्पांच्या खाटेजवळ. मी तिच्याच झाकणावर. चहा झाला की तेवढं पाणी कळशीतून काढून टाकायचं. वाटीभर आमटी झाली की वाटीभर काढायचं. कळशी रिकामी म्हणजे दिवस संपला. कसं नीट चाललं होतं! महिन्याभरात पायाची सूज उतरली. अप्पा आडवे होऊन झोपायला लागले. दारात येणाऱ्या-जाणाऱ्याला मला उचलून दाखवायचे, "औषध समदी खात्यात. पण ह्यो डॉक्टर कुणाकडं हाय का?"

शेजारच्या ठमाबाई कुंपणावरून म्हणायच्या, "अप्पा, आख्ख्या गावाला मोजून दिलंत, आता देव तुमाला मोजून देतोय व्हय?"

"देऊ दे की. देतोय तर बरोबर देतोय ना!"

मग पाडवा आला आणि ऊन तापायला लागलं.

आमच्या भागाला ऊन नवं नाही. पण त्या वर्षीचं ऊन वेगळं होतं. सकाळी नऊलाच अंगणातली माती पायाला चटके द्यायची. उसाची पानं दुपारी गुंडाळी होऊन उभी राहायची. अप्पांची खोली पुढची, पत्र्याची. दुपारी बारानंतर वरचा पत्रा तडतड वाजायचा. मी धातूचा आहे, म्हणून मला लगेच कळायचं. कळशीच्या झाकणावर ठेवलेला मी तीन वाजता इतका तापायचो की संजीवनी मला पदरानं धरायची.

पहिल्यांदा उन्हाची झळ लागली ती गाईंना. म्हणजे, घराला तसं वाटलं. दूध कमी झालं. गाई तोंड उघडून धापा टाकायला लागल्या. अजितनं जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. राजवर्धन त्यांचं नाव, तरुण होते, बोलायला मोकळे.

"अजितराव, ह्या गाई थंड मुलखातल्या. त्यांना हे ऊन सोसत नाही," ते म्हणाले. "पाणी चोवीस तास पुढ्यात पाहिजे, जेवढं पितील तेवढं. जेवढी धाप, तेवढं पाणी अंगातून जातं. वर ओली तरटं टाका. पंखा लावा. दुपारी अंगावर पाणी मारा. आणि जी गाय आजारी आहे तिच्याकडं आधी बघा, ती सगळ्यात आधी पडते."

हे सगळं मी ऐकलं. पुढच्या खोलीचं मागचं दार गोठ्याकडं उघडतं, त्यामुळं अप्पांनीही ऐकलं. संजीवनी आणि अजित तर समोरच उभे होते. त्याच दिवशी छपरावर ओली तरटं पडली. हौद भरून वाहायला लागला. सात गाईंसाठी दोन पंखे आले.

आणि पुढच्या खोलीत एक आजारी म्हातारा माणूस तापलेल्या पत्र्याखाली घामानं निथळत होता आणि मी त्याला तीन मापं पाणी मोजून देत होतो. आमच्यापैकी एकालाही या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघाव्याशा वाटल्या नाहीत. घरातली माणसं वाईट नव्हती. संजीवनीइतकी जिवाला जपणारी सून मी पाहिली नाही. पण गाईचं गाईच्या डॉक्टरानं सांगितलं होतं आणि अप्पांचं अप्पांच्या डॉक्टरानं. दोन्ही हुकूम घरानं मनापासून पाळले.

मार्च संपला. दवाखान्याची तारीख आली. नेमकं त्याच आठवड्यात कालव्याला पाणी सुटलं. उसाला पाणी देण्यात अजितचे दिवसरात्र गेले.

"अप्पा, बारामतीला जायचं व्हतं," तो म्हणाला. "पर ह्या उन्हात तुमाला गाडीत घालायचं म्हंजी..."

"कशाला? सूज न्हाय, दम न्हाय. पाय बघ, कसं काटकीगत झाल्यात. वाईच ऊन उतरू दे, मग जाऊ."

"गोळ्या?"

"त्याच आणा दुकानातून. लागू पडल्यात."

ऊन उतरायची वाट बघायची ठरलं. आणि ऊन काही उतरेना.

एप्रिलच्या मध्यापासून अप्पा बदलत गेले. खाटेवरून उठले की डोळ्यापुढं अंधारी यायची, भिंत धरून उभे राहायचे. जीभ कोरडी पडून शब्द अडखळायचे. लघवी अगदी थोडी, हळदीसारखी. उगाच चिडायचे. चिमटीत धरली की कातडी वर उचलली जायची आणि तशीच राहायची. सगळ्यांना वाटलं वय झालं, ऊन आहे, अशक्तपणा असणारच.

सरुबाईंना मात्र राहवत नव्हतं. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, पण नवऱ्याच्या ओठांकडं बघता येत होतं. एका दुपारी त्यांनी आपल्या तांब्यातलं पाणी हळूच कळशीत ओतलं. अप्पांचे डोळे मिटलेले होते, पण कान जागे होते. तीस वर्षं ज्यानं दूध ओतायचा आवाज ऐकला, त्याला फसवणं कठीण.

"सरू, काय वतलंस?"

"कुठं काय?"

"पावशेर वतलंस. काढ भाईर."

"आवो, व्हट फुटल्यात तुमचं. घोटभर पाण्यानं काय हुतंय?"

अप्पा उठून बसले. त्यांचा आवाज बारीक झाला. "तुला म्हाईत न्हाय, सरू. त्या टायमाला छातीत पाणी भरलं व्हतं तवा मला वाटलं, हिरीत बुडतुया आन् वरनं कुणी दोर बी सोडंना. तसं परत नगं. तान सोसती मला. ते सोसत न्हाय."

सरुबाईंनी पाणी काढून घेतलं. काढताना मलाच बुडवलं. त्या वेळी मी तिरपा झालो असतो, थोडं सांडून कळशीत पडू दिलं असतं, तर? माझ्या हातात काही नव्हतं हे मला ठाऊक आहे. तरी हा विचार माझ्या पोटातून जात नाही.

ठमाबाई एकदा ताकाचा गडू घेऊन आल्या. "घ्या अप्पा, आत्ताच घुसळलंय. मीठ, जिरं घातलंय. डॉक्टरला सांगू नगा, मी बी सांगत न्हाय."

"मापात बसत न्हाय, ठमाबाई."

"आता काय मापातच मरणार हाय का काय तुमी?"

दोघंही हसले. ठमाबाई ताक परत घेऊन गेल्या. ते हसणं मी विसरू शकलो नाही, आणि ठमाबाईसुद्धा विसरल्या नाहीत.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताई आल्या. माधवी त्यांचं नाव. डोक्यावर ओला रुमाल, खांद्यावर पिशवी, घरोघरी कागद वाटत होत्या. उन्हात म्हाताऱ्या आणि आजारी माणसांची काळजी कशी घ्यायची ते त्या कागदावर होतं.

"वहिनी, घरात म्हातारं कोण? पाणी भरपूर द्या हां. तान लागायची वाट बघू नका."

"आमच्या अप्पांना पाणी बंद हाय, ताई," संजीवनी म्हणाली. "म्हंजे मोजून हाय. काळजाचं दुखणं हाय ना. दीड लिटरच."

माधवीताई थांबल्या. त्यांनी आत येऊन अप्पांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "हे कधी सांगितलंय?"

"थंडीत. जानेवारीत."

"मग एकदा फोन करून विचारा, वहिनी. मला त्यातलं कळत न्हाय, मी कमी-जास्त सांगू शकत न्हाय. पर थंडी वेगळी, ह्ये वेगळं. आजच विचारा. फाईलवर नंबर असंल."

"आत्ताच करते," संजीवनी म्हणाली.

ती फाईल आणायला आत गेली. खरंच गेली. कपाट उघडल्याचा आवाज मी ऐकला. तेवढ्यात गोठ्यातून अजितची हाक आली.

"संजीवनेऽ, पळ! मोना पडली!"

मोना म्हणजे सगळ्यात जास्त दूध देणारी गाय. त्या दिवशी सकाळपासून लाईट नव्हती. पंखे बंद, मोटर बंद. मोना धाप टाकता टाकता पाय दुमडून कोसळली होती. संजीवनी फाईल तशीच कपाटाच्या फळीवर टाकून पळाली. माधवीताई पुढच्या घरी गेल्या. सरुबाईसुद्धा बादली उचलून मागं गेल्या. हौदातलं पाणी बादल्यांनी काढून मोनाच्या अंगावर ओतलं जाऊ लागलं. एक बादली, दोन, पाच, दहा. दोन लेकरांची आई असलेली संजीवनी गाईचं डोकं मांडीवर घेऊन तिच्या कानामागं ओलं फडकं फिरवत होती. राजवर्धन डॉक्टरांना फोन लागला, ते वाटेत होते.

पुढच्या खोलीत अप्पा आणि मी.

अप्पांना तहान लागली होती. कळशीत एकच माप शिल्लक होतं, संध्याकाळच्या गोळीसाठी राखलेलं. ते बराच वेळ कळशीकडं बघत बसले. मग त्यांनी मला उचललं. अंगठा त्याच्या जुन्या जागी बसला. त्यांच्या हाताचा ताप मला जाणवला. पत्र्यापेक्षा तो हात गरम होता, आणि त्याला घाम नव्हता. अगदी कोरडा होता.

त्यांनी मला कळशीत बुडवलं, वर काढलं आणि थांबले. पाण्याला फेस नसतो. तरी थांबले. सवय होती. तेवढ्या थांबण्यात मी त्यांच्या हातात कलंडलो. अर्ध्याहून जास्त पाणी फरशीवर सांडलं. तापलेली फरशी. बघता बघता पाणी नाहीसं झालं.

कोपऱ्यात भरलेला रांजण होता. चार पावलांवर. रांजणातून तेवढं पाणी परत घेतलं असतं तर कुणी विचारणारं नव्हतं, आणि घ्यायला हरकतही नव्हती. सांडलेलं पाणी काही पोटात गेलं नव्हतं. पण अप्पा फरशीवरच्या ओल्या डागाकडं बघत पुटपुटले, "माझ्याच हातनं सांडलं. ते मोजलं गेलं."

माझ्यात उरलेले चार घोट ते प्यायले आणि त्यांनी मला नीट झाकणावर ठेवलं.

थोड्या वेळानं ते बोलायला लागले. खोलीत कुणी नव्हतं. "रांगंत या... किटली खाली ठेव बाय... फेस बसू दे, फेस..." मी हाका मारू शकत नव्हतो. मागं लोक ओरडत होते, "उठली! मोना उठली!" मोना खरंच उठली होती. राजवर्धन डॉक्टरांनी येऊन सलाईन लावलं होतं आणि गाय उभी राहिली होती.

सरुबाई घाम पुसत हसत खोलीत आल्या, ही बातमी सांगायला. खाटेवरून खाली पडलेले अप्पा त्यांना दिसले.

अजितनं गाडी काढली. जाताना संजीवनीनं फाईल घेतली, आणि मलाही पिशवीत टाकलं. दवाखान्यात पाणी मोजून द्यावं लागेल, असं तिला वाटलं. म्हणून पुढचं सगळं मी पाहिलं.

डॉक्टर मध्यम वयाच्या बाई होत्या. त्यांनी अप्पांची कातडी ओढून पाहिली, जीभ पाहिली, रक्ताचे आकडे पाहिले. "किडनी बंद पडत आलीये. अंगात पाणीच नाही. इतके सुकले कसे? पाणी किती देत होता?"

"तुमी सांगितलं तेवढंच," संजीवनी म्हणाली. तिनं मला पिशवीतून काढलं आणि टेबलावर ठेवलं. "ह्यानं मोजून. तीन मापं. एक थेंब जास्त दिला न्हाय, डॉक्टर. एक थेंब न्हाय."

तिला शाबासकी हवी होती असं नाही. पण आपलं काही चुकलं नाही, एवढं तरी कुणी म्हणावं, अशा आवाजात ती बोलली.

डॉक्टर माझ्याकडं बघत राहिल्या. "ते थंडीतलं माप होतं, ताई. उन्हाळ्यात घामानं किती पाणी जातं. त्यात ती गोळी अजून पाणी काढते. मार्चमध्ये तुम्ही आला असता तर मी गोळी कमी केली असती, पाणी वाढवून दिलं असतं. दर उन्हाळ्यात आम्ही असं करतो." मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हे मी जानेवारीतच सांगायला हवं होतं. फाईलवर लिहायला हवं होतं."

अजितनं खाली मान घातली. "मीच तारीख चुकवली."

सरुबाईंनी मला टेबलावरून उचलून पिशवीत उलटा घातला.

अप्पांना सलाईन लावलं, पण ते थेंब थेंब सोडावं लागलं. किडनीला पाणी हवं होतं आणि काळजाला ते सोसत नव्हतं. तीन दिवस डॉक्टर दोन्हीकडून ओढत राहिल्या. चौथ्या दिवशी सकाळी अप्पा गेले.

दहाव्याला लोक जमले. "वय झालं व्हतं", "ऊन बी कसलं व्हतं यंदा", "सोन्यासारखं पोरंबाळं, समदं बघून गेले". लोक बरं वाटावं म्हणून बोलत होते. कुणी अजितला म्हणालं, "गाय तरी वाचली म्हणायची." अजित उठून उसाच्या कडेला जाऊन उभा राहिला. ती गाय त्यानं विकली नाही. पण त्या दिवसापासून तिची धार काढायला यंत्र तो स्वतः लावत नाही, संजीवनी लावते.

मला फेकून द्यायचं कुणाच्या मनात आलं नाही, आणि घरात ठेवणंही कुणाला जमलं नाही. मी गोठ्यात आलो.

तिथं लटकत मी रोज तेच आठवायचो. माझा शिक्का खरा होता. माझ्यात अर्धा लिटर मावतं, ते अर्धा लिटरच होतं. एकदाही मी खोटं बोललो नाही. आणि माझ्या खरेपणावर विश्वास ठेवून एक माणूस तहानेनं गेला. किती भरलंय ते मला सांगता येतं. किती लागेल, ते माणसाच्या अंगाला, उन्हाला आणि डॉक्टरला विचारावं लागतं. मला ते कधीच कळत नव्हतं. पण सगळ्यांनी मलाच विचारलं, आणि मी फुशारून गेलो होतो.

काल दुपारी ठमाबाई गोठ्यात आल्या. होळी होऊन चार दिवस झालेत. कुंपणावरून बोलण्याऐवजी त्या आत आल्या, तेव्हाच संजीवनीनं शेणाची पाटी खाली ठेवली.

"तात्यांना सोडलं गं दवाखान्यातनं," ठमाबाई म्हणाल्या. तात्या म्हणजे त्यांचा नवरा. "त्येंचं बी काळीजच. पाणी मोजून द्याय सांगितलंय, दीड लिटर. तुज्याकडं ते माप हाय नव्हं, अप्पांचं? दे वाईच. मागायला जीभ रेटत न्हवती, पर दुसरं कुणाकडं हाय?"

संजीवनीनं मला खिळ्यावरून काढलं. भुकटी झटकली. मला वाटलं ती देईल, किंवा भिरकावून देईल. दोन्हीची मला भीती वाटली. ती मला हातात धरून उभीच राहिली.

"उन्हाळ्याचं विचारलं का, काकी?"

"काय विचारायचं?"

"ऊन वाढल्यावर पाणी किती, गोळी किती."

"आगं त्येंनी सांगितलं तेवढं द्यायचं. आपुण अडाणी, आपुण काय विचारायचं मोठ्या डॉक्टरला?"

"आमी बी न्हाय विचारलं," संजीवनी म्हणाली.

ठमाबाईंनी कमरेच्या पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. संजीवनीनं त्यावरचा नंबर आपल्या फोनवर दाबला आणि आवाज मोठा केला. बराच वेळ घंटी वाजली, कुणी उचललं नाही. तिनं पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. चौथ्या वेळी कुणीतरी उचलला, थांबायला सांगितलं. ती थांबली. मोना हंबरली, तिकडं तिनं पाहिलं नाही.

"डॉक्टर, मी पेशंटची शेजारीण बोलतीया. पाणी दीड लिटर सांगितलंय ना, ते ऊन वाढल्यावर बी तेवढंच का? ... व्हय. ... किती दिवसांनी? ... पाडव्याच्या आत? बरं. आन् चक्कर आली, लघवी कमी झाली तर? ... त्याच दिवशी. रात्र काढायची न्हाय. ... कागदावर लिहून द्याल का? न्हाय, आमच्या ध्यानात राहतंय, पर लिहून द्या."

फोन ठेवून ती ठमाबाईंकडं वळली. "पाडव्याच्या आत घेऊन यायला सांगितलंय. आमच्या आत्यांना साखर हाय, त्यांच्या गोळ्यांचं बी मला विचारायचंच हाय, आमची गाडी सोमवारी जाणार. तात्यांना बी बसवा त्यात. आन् त्यांची खाट पत्र्याखाली असंल तर आजच हलवा, काकी. लिंबाखाली न्हायतर पडवीत."

"आगं पर सोमवारी उसाला पाणी..."

"उसाला पाणी मंगळवारी द्या."

मग तिनं मला ठमाबाईंच्या हातात दिलं. मी आता त्यांच्या घरी तात्यांच्या उशाशी आहे. कालपासून तीन मापं मोजतोय. तात्या चांगले आहेत, गप्पिष्ट आहेत, मला अप्पांची आठवण करून देतात.

मला भीती वाटते. ऊन अजून यायचं आहे. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस पाणी मोजून पीत असेल, गोळ्या घेत असेल, तर माझ्यासारख्या मापाकडं बघून निर्धास्त होऊ नका. त्यांच्या ओठांकडं बघा. डॉक्टरला आजच फोन करा, आणि तेवढ्यात कुणी मागून हाक मारली, तरी आधी तो फोन पुरा करा.